पडलेल्यांचे पुतळे, परतलेल्यांची पेन्शन

पोलादपूर तालुक्यात इतिहासाची वाण नाही. उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव याच तालुक्यातले. आंबेनळीचा घाट चढून गेले की प्रतापगड समोर उभा राहतो. सहलीला निघालेली शाळेची मुले उमरठला उतरतात, गुरुजी सिंहगडाची कथा पुन्हा एकदा सांगतात, आणि लढता लढता पडलेल्या त्या वीराला नमस्कार करून गाडी पुढे जाते. हे योग्यच आहे. परंतु त्या माघातल्या रात्री कोंढाण्याचा कडा चढून गेलेल्यांपैकी बरेच मावळे जिवंत परतले असणार. ते आपापल्या वाडीवर आले असतील, कुणाचा हात निकामी झाला असेल, कुणाची दृष्टी गेली असेल, आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांनी पुन्हा वरकस जमिनीवर नाचणी लावली असेल. त्यांची नावे बखरींनी ठेवली नाहीत, आणि आपणही ती कधी विचारली नाहीत. रणात पडलेल्या वीराचे स्मरण समाजाला सोपे जाते, कारण तो काही मागावयास येत नाही. अवघड हिशेब असतो तो परतलेल्याचा.

हा हिशेब किती जुना आणि किती अपुरा आहे, हे पाहावयाचे तर महाड-पोलादपूरच्या मुलखाइतके चांगले ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

प्रथम पडलेल्याची गोष्ट. महाडच्या उत्तरेला माणगाव तालुका. तेथील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतील सारे जण पडले वा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे घाडगे. ते त्या मशीनगनवर धावून गेले, बॉम्ब फेकून तिचे तोंड बंद केले, चालविणाऱ्यांपैकी एकाला गोळी घातली, आणि बंदुकीत नवी काडतुसे भरण्यास उसंत नाही असे पाहून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळविले. त्यानंतर दबा धरून बसलेल्या शत्रूच्या गोळीने त्यांचा प्राण गेला. वय अवघे बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मरणोत्तर मिळाला. त्यांची कबर कोठे आहे हे कुणास ठाऊक नाही. कसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावानेही त्यांच्या स्मरणार्थ एक छायायंत्र उभारले. एका परक्या गावाने जवळजवळ ऐंशी वर्षांनंतर कोकणातल्या एका कुणबाऊ मुलखातील तरुणाची आठवण ठेवावी, याचे आपणांस कौतुक वाटले पाहिजे.

आता परतलेल्याची. त्याच इटलीत, ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनिओ नदीकाठी मराठा लाइट इन्फंट्रीच्याच पहिल्या पलटणीतील शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सहकाऱ्यांना माऱ्यातून, खोल पाण्यातून बाहेर आणले आणि मग एकट्याने शत्रूच्या मशीनगनची ठाणी मोडली. ते नगर जिल्ह्यातल्या निमजचे. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि ते जिवंत परतले. १९८४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. म्हणजे त्या एका दिवसानंतर हा माणूस एकोणचाळीस वर्षे तुमच्या-आमच्यात वावरत होता. त्या एकोणचाळीस वर्षांत शाळेच्या किती क्रमिक पुस्तकांत त्यांचे नाव आले? पुण्याच्या रस्त्यावर त्यांना पाहून किती जण थांबले असतील? मला वाटते, या प्रश्नांची उत्तरे देण्याचे धैर्य आपल्यापैकी फारच थोड्यांना होईल.

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ पट्ट्यातून सैन्यात जाण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. महाड तालुक्यातील एका गावाचे नावच मुळी फौजी आंबवडे. पहिल्या महायुद्धापासून तेथून घरोघरची माणसे पलटणीत जात आली. (बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यातले, नावांच्या सारखेपणामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.) भात पिकणारी खाचरे थोडी, उतारावरची नाचणी-वरी वर्षाला पुरत नाही, तेव्हा एक मुलगा मुंबईच्या गिरणीत आणि एक पलटणीत, ही येथील कुटुंबाची जुनी वाटणी. शौर्याच्या उर्मीने माणसे सैन्यात जातात हे आपण भाषणांत बोलतो. खरी गोष्ट अशी, की बहुतेक जण पोटासाठी जातात, आणि शौर्य त्यांच्या हातून तेथे गेल्यावर घडते. त्यामुळे त्या शौर्याचे मोल तिळमात्र कमी होत नाही. उलट मला तर ते वाढलेलेच वाटते.

म्हणूनच असेल, परतलेला फौजी स्वतःविषयी फारसे बोलत नाही. गावच्या चावडीवर, एस. टी.च्या थांब्यावर, सप्ताहाच्या मांडवात तो असतो; मिशी आणि ताठ पाठ यांवरून ओळखू येतो. कुठल्या सेक्टरमध्ये होता असे विचारले तर तो हवेची, बर्फाची, लंगरमधल्या जेवणाची हकीकत सांगेल. लढाईची गोष्ट निघाली की ती दुसऱ्या कुणाची तरी असते. बहुधा न परतलेल्या सोबत्याची. या अबोलपणाला आपण नम्रता म्हणतो, आणि ती नम्रता आहेच. परंतु तिचा एक परिणाम असा होतो, की ऐकणाऱ्याची सोय होते. जो बोलत नाही त्याला काही हवे नाही, असे आपण सुखाने धरून चालतो. तो वयाच्या पस्तिसाव्या-चाळिसाव्या वर्षी निवृत्त झालेला असतो, मुले शाळेत असतात, आईबाप थकलेले असतात. मग तो मुंबई-पुण्यातल्या एखाद्या बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन स्टुलावर बसलेला आपणांस दिसतो. आपण पासबुक भरून घेऊन बाहेर पडतो, तेव्हा तो दार उघडून धरतो.

परंतु या मुलखात असेही काही परतलेले सैनिक होऊन गेले, की ज्यांनी बोलावयाचे ठरविले. त्यांची हकीकत महाराष्ट्राने जितकी सांगावयास हवी होती तितकी सांगितलेली नाही.

महाडजवळचे रावढळ हे गोपाळबाबा वलंगकरांचे गाव. महार समाजातील हे गृहस्थ ब्रिटिशांच्या सैन्यात हवालदारीपर्यंत चढले आणि १८८६ मध्ये निवृत्त होऊन दापोलीस राहू लागले. दापोलीचा कँप त्या काळी निवृत्त सैनिकांच्या वस्तीसाठी प्रसिद्ध होता. मुंबई इलाख्याच्या सैन्यात कोकणातील महार मोठ्या संख्येने होते. कोरेगावच्या स्तंभावर कंपनीच्या मृत सैनिकांची जी नावे आहेत, त्यांत ‘नाक’ या प्रत्ययाची नावे कितीतरी आढळतात, ती याच समाजाची. पलटणीतल्या शाळेमुळे हे सैनिक लिहावयास-वाचावयास शिकले, त्यांची मुले शिकली, आणि काही घरांतल्या बायकांनाही अक्षरओळख झाली. गावात ज्याला चावडीच्या पायरीपाशी उभे राहावे लागे, त्याच्या हाताखाली पलटणीत इतर जातींचे शिपाई कवाईत करीत.

यात पेन्शनीचे स्थान काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. गावगाड्यात महाराचे पोट बलुत्यावर आणि वतनावर अवलंबून होते. बलुते म्हणजे गावाने द्यावयाचे आणि गावाने केव्हाही रोखावयाचे धान्य. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या मर्जीवर शिजते त्याने मान वर कशी करावी? पेन्शनरची गोष्ट वेगळी होती. त्याचा पैसा सरकारी खजिन्यातून येई. पाटील रुसला, खोत चिडला, सारा गाव एक झाला, तरी तो थांबविणे कुणाच्या हाती नव्हते. रक्कम थोडी असे. पण गावाच्या हाताबाहेरचे ते चार रुपये एका माणसाला जे देत होते, ते तोपर्यंत शेकडो वर्षांत त्याच्या वाडवडिलांना मिळालेले नव्हते. कोकणातल्या पहिल्या बंडखोर लेखण्या पेन्शनरांच्या घरांतून निघाल्या, हा योगायोग मानता येणार नाही.

वलंगकरांनी लेखणी उचलली. जोतीराव फुल्यांच्या विचारांशी त्यांचे नाते होते. ‘दीनबंधू’ आणि ‘सुधारक’ यांतून ते लिहीत. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. अस्पृश्यतेला शास्त्राधार कोणता, असे रोखठोक प्रश्न त्यांनी त्यात शास्त्र जाणणाऱ्यांना विचारले. त्यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळ स्थापन केले. १८९५ मध्ये त्यांना महाडच्या लोकल बोर्डावर नेमण्यात आले, तेव्हा त्यांच्या शेजारी बसावे लागणार म्हणून तेथील उच्चवर्णीयांत केवढी खळबळ उडाली! ज्याने आयुष्यातली उमेदीची वर्षे बंदूक खांद्यावर वाहिली, त्याने बोर्डाच्या खुर्चीवर बसू नये, यासाठी ही धडपड. वलंगकर डगमगले नाहीत. १९०० मध्ये त्यांचे निधन झाले.

पण त्याआधी आणखी एक आघात झाला होता, आणि तो सरकारकडून झाला होता. १८५७ नंतर इंग्रजांच्या लष्करी वर्तुळात हिंदुस्थानातील काही जाती ‘लढवय्या’ आणि बाकीच्या तशा नव्हेत, असे एक शास्त्र रूढ होऊ लागले. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्‌स हे या मताचे मोठे पुरस्कर्ते. १८९२ च्या सुमारास पलटणींची जातवार फेररचना झाली आणि महारांची भरती बंद पडली. ज्यांच्या आजोबांची नावे सरकारने स्वतः दगडात कोरली, त्यांना सरकारने स्वतःच लढण्यास अपात्र ठरविले. या निर्णयाने कुणाची पेन्शन गेली नाही. त्याने पुढच्या पिढीचे पेन्शनर नाहीसे केले. दापोलीच्या, महाडच्या, पोलादपूरच्या वाड्यांतून तो एक झरा हळूहळू आटत गेला.

या विरोधात वलंगकरांनी १८९४ मध्ये सरसेनापतींच्या नावे एक विनंतीपत्र तयार केले. आपला समाज मूळचा क्षत्रिय असून दुर्गादेवीच्या दुष्काळात नाइलाजाने अभक्ष्य खाल्ल्याने तो खाली ढकलला गेला, असा युक्तिवाद त्यात आहे. आज हा युक्तिवाद आपणांस पटणारा नाही. परंतु तो करावा लागला यातील विषाद लक्षात घ्यावा. ज्या माणसापाशी स्वतःच्या नोकरीची पुस्तिका होती, त्याला आपल्या मुलांसाठी शिपायाची जागा मागताना पाचशे वर्षांपूर्वीची वंशावळ काढून दाखवावी लागली. पराक्रम पुरेसा नव्हता; जन्माचा दाखला हवा होता.

हेच दुःख सुभेदार रामजी सकपाळांच्या वाट्याला आले. पलटणीच्या शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापकी केलेले, सुभेदार-मेजरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले हे गृहस्थ. भरतीबंदीविरुद्ध दाद मागण्यासाठी ते न्यायमूर्ती रानड्यांकडेही गेले होते. निवृत्तीनंतर ते दापोलीस आले, पुढे साताऱ्याकडे कोठारपालाची नोकरी धरली, आणि अखेरीस मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईत परळच्या डबक चाळीतील एका खोलीत संसार मांडला. धाकट्या भीमरावाला पुस्तके हवीत म्हणून विवाहित मुलींचे दागिने गहाण टाकण्यापर्यंत त्यांची मजल गेली. पेन्शन आली की ते सोडवून द्यावयाचे. सुभेदारांच्या त्या तुटपुंज्या पेन्शनीची राष्ट्राला केवढी परतफेड झाली, हे या वाचकांना सांगावयास नको.

पुढे गरज लागली तेव्हा सरकारला लढवय्येपणाचे शास्त्र विसरावयास वेळ लागला नाही. शिवराम जानबा कांबळे यांनी या शतकाच्या नव्हे, मागच्या शतकाच्या आरंभी अर्जामागून अर्ज धाडले, १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांपर्यंत मागणी नेली. उपयोग झाला नाही. पण महायुद्धाची तोंडमिळवणी होईना, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, काटकसर आली, आणि १९२१ मध्ये ती मोडून टाकण्यात आली. दुसरे महायुद्ध आले तेव्हा, १९४१ मध्ये, बेळगावला महार रेजिमेंटचा पाया घातला गेला. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. यात एक नियम दिसतो, आणि तो एका जातीपुरता वा परक्या सरकारपुरता आहे असे मला वाटत नाही: शिपाई हवा तेव्हा तो शूर असतो, आणि नको तेव्हा तो खर्चाची बाब असतो.

१११ व्या पलटणीतून आणि महायुद्धाच्या इतर कामांवरून परतलेली माणसे आपापल्या गावी आली, तेव्हा त्यांना काय मिळाले? महाडच्या चवदार तळ्याचे पाणी मिळाले नाही. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादुर बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तसा ठरावही केला. कागदावर तळे खुले झाले. काठावर कुणी फिरकू देईना.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर. त्याच वर्षीच्या १ जानेवारीला ते कोरेगावच्या स्तंभापाशी जाऊन आले होते. महाडच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी जी गोष्ट आवर्जून मांडली ती हीच, की हा भाग एकेकाळी लष्करी पेशामुळे पुढारलेला होता, आणि लष्कराची दारे बंद झाल्याने तो मागे पडला. त्यांच्यासमोर बसलेल्यांत अनेक वृद्ध पेन्शनर होते, महायुद्ध पाहून आलेले तरुण होते. परिषदेच्या उभारणीत लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे, महाडचे सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे अशी मंडळी होती. आणि सुभेदार सवादकरांसारखी फौजेतून आलेली माणसे होती. सवाद या नावाचे गाव पोलादपूर तालुक्यात आहे, हे या ठिकाणी सहज नोंदवून ठेवतो.

२० मार्चला मिरवणूक चवदार तळ्यावर गेली. रांगेने, शिस्तीने, जशी पलटण जाते तशी. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्यायले. मागोमाग सगळे प्यायले. नंतर वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी आवई उठली, आणि परतीच्या तयारीत असलेल्या, जेवावयास बसलेल्या लोकांवर काठ्या घेऊन जमाव तुटून पडला. बायकामुलांना मार बसला, अन्न मातीत मिसळले. कित्येक जण जखमी झाले.

या प्रसंगातली सर्वांत मोठी घटना, माझ्या मते, जी घडली नाही ती आहे. मार खाणाऱ्यांत महायुद्धातून परतलेले जवान होते. ज्यांनी तोफांच्या माऱ्यात दिवस काढले त्यांना गल्लीतल्या काठ्यांचे भय वाटले असेल काय? त्यांचे हात शिवशिवत होते. डाकबंगल्याशी ते अध्यक्षांच्या शब्दाची वाट पाहात उभे होते. त्यांनी मनात आणले असते तर महाडची त्या रात्री काय गत झाली असती, याची कल्पना हल्लेखोरांना नव्हती, बाबासाहेबांना होती. त्यांनी शब्द दिला नाही. कायद्याने जे मिळवावयाचे ते कायद्यानेच मिळवू, असे त्यांनी ठरविले, आणि त्या जवानांनी ते मानले. हुकूम मिळेपर्यंत गोळी झाडावयाची नाही, हा धडा ते पलटणीत शिकले होते. घाडग्यांचे मशीनगनवर धावून जाणे हे जसे शौर्य, तसेच हे जागच्या जागी उभे राहणेही. आपल्याकडे पहिल्याला पदक आहे.

नंतरचा संघर्ष दहा वर्षांचा झाला. तळ्याचे शेण-गोमूत्राने ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. विरोधकांनी न्यायालयातून मनाई आणली. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी जागा दिली म्हणून परिषदेचा मांडव तरी पडू शकला. हजारो लोक तळ्यावर जाण्याच्या तयारीने आलेले असताना, न्यायालयाचा हुकूम मानून सत्याग्रह तहकूब करण्यात आला. म्हणजे त्या माजी सैनिकांना एका वर्षात दुसऱ्यांदा पाय मागे घ्यावा लागला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा निकाल दिला, आणि चवदार तळे सर्वांचे ठरले. बसरा आणि फ्रान्स यांच्या बातम्या महिन्याभरात येत; आपल्याच तालुक्याच्या गावातील पाण्याचा निकाल येण्यास दहा वर्षे लागली.

हे सारे आज आठवावयाचे कारण आहे. स्वराज्यातील सैनिकाला जातीमुळे पलटणीची दारे बंद नाहीत, ही गोष्ट मोठी आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे. परंतु परतलेल्याचा हिशेब स्वराज्यातही सरळ झालेला नाही. १९७१ च्या युद्धात आपण अभूतपूर्व विजय मिळविला. १९७३ मध्ये तिसऱ्या वेतन आयोगानंतर जवानांच्या निवृत्तिवेतनाचे वेतनाशी असलेले प्रमाण खाली आले. तेव्हापासून ‘एक हुद्दा, एक पेन्शन’ ही मागणी चालू झाली. एकाच हुद्द्यावर सारखीच वर्षे नोकरी करून आधी निवृत्त झालेल्यास कमी आणि नंतर निवृत्त झालेल्यास अधिक का, इतका साधा तो प्रश्न. त्याच्या उत्तरासाठी २०१५ च्या उन्हाळ्यात पांढऱ्या केसांची माणसे छातीवर पदके लावून दिल्लीत जंतरमंतरला बसली. त्या नोव्हेंबरात सरकारने ही योजना जाहीर केली आणि १ जुलै २०१४ पासून लागू केली. चाळीस वर्षांनी का होईना, ती आली. तिच्यातील पाच-पाच वर्षांच्या फेरआढाव्यावरून तक्रार न्यायालयात गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये योजना वैध ठरविली. जे १९७३ मध्ये पन्नाशीत होते, त्यांतले किती जण हे पाहावयास उरले असतील?

त्याच २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. आता शिपाई चार वर्षांसाठी घेतला जातो. त्यातील शेकडा पंचवीसपर्यंत पुढे ठेवले जातात. बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन घरी येतात. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिक म्हणून दर्जाही नाही. सैन्य तरुण असावे, पेन्शनीचा बोजा शस्त्रसामग्रीच्या आड येऊ नये, हे सरकारचे म्हणणे. ते पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. संरक्षणाच्या खर्चात पेन्शनीचा वाटा मोठा आहे, आणि युद्धे आता केवळ माणसांच्या संख्येवर जिंकली जात नाहीत. निमलष्करी दलांत या तरुणांसाठी जागा राखल्या आहेत, तेही खरे. अकरा लाखांत पोलादपूरच्या तरुणाला एखादी जीप घेता येईल, दुकान टाकता येईल, बहिणीचे लग्न करता येईल.

परंतु एकरकमी पैसा आणि महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिला पैसा कुटुंबाचा होतो; घर, लग्न, औषधपाणी यांत तो दोन-तीन वर्षांत जिरतो, आणि त्यात कुणाचाही दोष नसतो. दुसरा पैसा माणसाचा राहतो. दापोलीच्या पेन्शनरांना एकदम पाचशे रुपये देऊन घरी पाठविले असते, तर त्यांतून एखादी खाचराची जमीन झाली असती, कदाचित एखादे घर झाले असते. ‘विटाळ विध्वंसन’ झाले असते की नाही, याची मला शंका आहे. कुणाच्याही मर्जीवाचून चालणारा तो बारीकसा प्रवाह होता म्हणून एक निवृत्त हवालदार शास्त्र्यांना प्रश्न विचारू शकला आणि एक सुभेदार मुलाला कॉलेजात घालू शकला. ग्रामीण महाराष्ट्रात आजही पेन्शन येणाऱ्या घराची गोष्ट निराळी असते. सावकार तेथे जपून बोलतो. विधवा सुनेला कुणी घराबाहेर काढत नाही. उमेदवाराच्या पाकिटाला नाही म्हणण्याची हिंमत त्या घरात थोडी अधिक असते. हे सगळे संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकात दाखविता येत नाही, म्हणून ते नसते असे नाही. १८९२ मध्ये ज्यांनी भरतीचा कागद फिरविला त्यांच्याही हिशेबात रावढळ नव्हते.

माझे म्हणणे एवढेच, की चार वर्षांनी परतणाऱ्यांपैकी कोणी कोठे गेला, त्याचे काय झाले, याची नोंद निदान तालुक्याच्या पातळीवर ठेवली जावी. माजी सैनिकाचा दर्जा नसल्याने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या वहीत त्याचे नाव आपोआप येणार नाही. मग ते कोण लिहून ठेवणार? हे काम शाळामास्तर करू शकतात, ग्रामपंचायती करू शकतात, महाड-पोलादपूरची महाविद्यालये विद्यार्थ्यांकडून करवून घेऊ शकतात. कोणत्या वाडीतून कोण गेला, केव्हा परतला, निधीचे काय झाले, नोकरी लागली काय, लागली तर कोठे. जुन्या पेन्शनरांची आणि त्यांच्या पत्नींची माहितीही त्याच वहीत यावी. त्यांतील अनेकींना हयातीचा दाखला देण्यासाठी दरवर्षी कुणातरी शिकलेल्या पोराचा आधार शोधावा लागतो, आणि सगळा कारभार संगणकावर गेल्यापासून तो शोध अधिकच दूरवर न्यावा लागतो.

ही वही काढावयास एक तारीखही आपोआप समोर आलेली आहे. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या आरंभी भरतात. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतात ती तारीख २० मार्च २०२७.